खाल्ल्या मिठाला...

सॉल्ट लेक सिटी सोडून पश्चिमेला निघालो आणि दीडेक तासात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरंशुभ्र मीठ पसरलं. भर उन्हात जणू बर्फच! मुलाने भाड्याचं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड, विश्रांतीथांब्यावर उभं केलं. सौ.ने चहाचं आधण ठेवलं.

आम्ही निघालो होतो रेनोला, बँकेतल्या जुन्या मित्राकडे. वीस वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला. पुढे बढतीच्या यादीत माझं नाव आलं, त्याचं राहिलं. बोलणं खुंटलं. त्याची पत्नी गेली तेव्हाही मी साधा फोन केला नाही.

हे बॉनव्हिलचं मिठाचं मैदान. हिमयुगातलं अफाट सरोवर आटलं, मीठ उरलं. १९३५ साली माल्कम कॅम्बेलने इथे ताशी ३०० मैलांहून अधिक वेगाने मोटार पळवली. पण त्याआधी, १८४६ मध्ये, जवळची वाट म्हणून या वाळवंटात शिरलेल्या डोनर तांड्याचे बैल पाण्यावाचून हैराण झाले, काही गाड्या इथेच सोडाव्या लागल्या.

"मिठावर गाडी घालू या?" मुलाने विचारलं.

"नको रे," सौ. म्हणाली, "वरून कोरडं दिसतं, खाली चिखल असतो."

ती मिठाविषयीच बोलत होती. मी मात्र गप्प झालो.

दुसऱ्या संध्याकाळी मित्राने दार उघडलं. थकला होता. स्वतः खिचडी केली होती.

"मीठ कमी पडलंय रे," तो म्हणाला.

"वाढ तू. येताना डोळे भरून पाहिलंय."