संपूर्ण विद्युत मोटारीचा स्वीकार : नागपूरच्या अनुभवाच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यात घराच्या खालोखाल मोठी खरेदी म्हणजे मोटार होय. ती बहुधा कर्ज काढून घेतली जाते आणि आठ-दहा वर्षे वापरली जाते. त्यामुळे निवड चुकल्यास तिचा भार दीर्घकाळ सोसावा लागतो. गेल्या काही वर्षांत पेट्रोल व डिझेलच्या मोटारींना संपूर्णपणे विजेवर चालणाऱ्या मोटारीचा पर्याय बाजारात उपलब्ध झाला आहे. या पर्यायाविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एका मतानुसार विद्युत मोटार हा इंधन दरवाढीवरील रामबाण उपाय आहे, तर दुसऱ्या मतानुसार ती वाटेत बंद पडणारी महागडी वस्तू आहे. दोन्ही मतांत मोटारीचाच विचार केलेला असतो. ती मोटार कोण, कोठे व कशी वापरणार, हा प्रश्न मात्र बाजूला राहतो.

या प्रश्नाचा विचार करण्यास नागपूर हे विशेष उपयुक्त शहर आहे. भारतातील विद्युत टॅक्सींचा पहिला मोठा प्रयोग याच शहरात झाला. येथील उन्हाळा बॅटरीची परीक्षा पाहणारा आहे. शिवाय कोळशावर वीज निर्माण करणारी मोठी केंद्रे याच जिल्ह्यात आहेत. प्रस्तुत लेखात या तिन्ही बाबींच्या आधारे विद्युत मोटार घ्यावी की नाही, हे ठरविण्याचे निकष मांडले आहेत.

१. नागपूरचा २०१७ चा प्रयोग

दि. २६ मे २०१७ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस व केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या उपस्थितीत नागपुरात विद्युत वाहनांच्या सार्वजनिक वाहतूक प्रकल्पाचा प्रारंभ झाला. ओला या कंपनीच्या या प्रकल्पात सुमारे २०० वाहने होती व त्यांत महिंद्रा कंपनीच्या १०० ‘ई-टू-ओ प्लस’ मोटारींचा समावेश होता. वाहने व चार्जिंग केंद्रे यांसाठी ५० कोटी रुपयांहून अधिक गुंतवणूक जाहीर करण्यात आली. शहरात चार ठिकाणी मिळून पन्नासच्या वर चार्जिंग जोडण्या उभारण्याची योजना होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंडियन ऑइलच्या नागपुरातील पेट्रोल पंपावर चार्जिंग केंद्र सुरू झाले. पेट्रोल पंपावरील असे हे देशातील पहिले केंद्र होते.

आरंभीचा उत्साह फार काळ टिकला नाही. २०१८ च्या प्रारंभी चार्जिंग केंद्रांवरील लांब रांगा, त्यांत जाणारे तासन् तास आणि घटलेली कमाई यांविषयी चालकांच्या तक्रारी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाल्या. काही चालकांनी विद्युत मोटारी परत करून पुन्हा डिझेलची वाट धरली. रांगांमुळे होणाऱ्या वाहतूक कोंडीला रहिवाशांनी विरोध केल्याने एक केंद्र बंदही करावे लागले.

दुसरीकडे, कंपनीने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात प्रकल्पातील वाहने ७५ लाख किलोमीटर धावली व त्यामुळे ५.७ लाख लिटर इंधन वाचले, असे नमूद केले. ही दोन्ही चित्रे एकाच प्रयोगाची आहेत. वाहने धावली, इंधन वाचले. परंतु ज्यांच्या चरितार्थाचा प्रश्न होता त्या चालकांना हा व्यवहार परवडेनासा झाला. याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे.

२. टॅक्सी आणि घरची मोटार यांतील भेद

ई-टू-ओ प्लस या मोटारीचा प्रमाणित पल्ला प्रकारानुसार ११० ते १४० किलोमीटर होता. वातानुकूलन यंत्र सुरू ठेवून शहराच्या गर्दीत प्रत्यक्ष मिळणारा पल्ला याहून कमी असणे स्वाभाविक होते. टॅक्सीला दिवसाकाठी दीडशे-दोनशे किलोमीटर धावावे लागत असेल, तर कामाच्या वेळेतच एकदा किंवा दोनदा चार्जिंग करणे भाग पडते. चार्जिंगचा वेळ आणि रांगेतील वेळ हा चालकाच्या कमाईचाच वेळ असतो. पेट्रोल पंपावर पाच मिनिटांत होणारे काम येथे तासांवर जाते. म्हणजेच प्रयोगाची अडचण इंजिनाऐवजी मोटार बसविण्यात नव्हती. वाहनाचा पल्ला, त्याची दैनंदिन धाव आणि चार्जिंगची सोय यांच्या विषम प्रमाणात ती होती.

घरच्या मोटारीची स्थिती नेमकी उलट असते. कार्यालय, शाळा, बाजार यांसाठी ती दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर धावते आणि उरलेले बावीस तास उभी असते. चाळीस किलोमीटरसाठी साधारण सहा ते सात युनिट वीज लागते. ती घरातील १५ अँपिअरच्या जोडणीवर दोन ते अडीच तासांत भरली जाते. रात्री मोटार उभी असताना हे काम होत असल्याने त्यासाठी वेगळा वेळ द्यावा लागत नाही. शिवाय आजच्या बहुतेक मोटारींचा पल्ला २०१७ च्या त्या मोटारींच्या दुप्पट-तिप्पट आहे. त्यामुळे टॅक्सीचालकांचा अनुभव घरगुती वापराला जसाच्या तसा लागू करणे योग्य ठरणार नाही.

३. मोटार रात्री कोठे उभी राहते?

वरील विवेचनातून पहिला निकष स्पष्ट होतो. मोटार रात्री जेथे उभी राहते तेथे स्वतःच्या मीटरवरील वीज मिळते काय, हाच तो प्रश्न होय. धरमपेठ किंवा बजाजनगर येथील स्वतंत्र घराच्या अंगणात हा प्रश्न सहज सुटतो. तज्ज्ञ वीजतंत्रीकडून घरातील तारांची जाडी व अर्थिंग तपासून घेणे आणि गरज भासल्यास महावितरणकडून मंजूर भार वाढवून घेणे एवढेच काम उरते.

मनीषनगर, बेसा यांसारख्या भागांतील फ्लॅट स्कीममध्ये मात्र तळमजल्यावरील पार्किंगपर्यंत आपल्या मीटरची तार नेण्यास इतर सदनिकाधारकांची संमती लागते. आगीची भीती, तारांचा विस्तार, सामायिक मीटरवरील बिल कोणी भरावे अशा शंका तेथे उपस्थित होतात. राज्याच्या २०२१ च्या विद्युत वाहन धोरणात नव्या निवासी इमारतींतील किमान २० टक्के पार्किंग विद्युत वाहनांसाठी सज्ज ठेवण्याची तरतूद होती. परंतु जुन्या इमारतींत हा प्रश्न परस्पर सामंजस्यानेच सोडवावा लागतो. महाल, इतवारीसारख्या जुन्या वस्त्यांत मोटार रस्त्याच्या कडेलाच उभी राहते. तेथे घरगुती चार्जिंग जवळजवळ अशक्य आहे. अशा कुटुंबाची स्थिती २०१७ च्या टॅक्सीचालकासारखी होते. त्याला सार्वजनिक केंद्रावरच अवलंबून राहावे लागते.

४. खर्चाचा हिशेब

पुढील हिशेबासाठी काही गृहीतके धरली आहेत. पेट्रोल लिटरला १०५ रुपये व मोटारीची शहरातील सरासरी १५ किलोमीटर धरल्यास किलोमीटरला ७ रुपये खर्च येतो. विद्युत मोटारीला चार्जिंगमधील घट धरून किलोमीटरला ०.१६ युनिट लागते. घरगुती वीज युनिटला साडेबारा रुपये धरल्यास हा खर्च २ रुपये, तर सार्वजनिक केंद्रावर २२ रुपये धरल्यास सुमारे साडेतीन रुपये होतो. दोन मोटारींच्या किमतीतील फरक ३ लाख रुपये धरला आहे.

तक्ता क्र. १ : किमतीतील फरक भरून निघण्याचा काळ

• महिन्याला ५०० किलोमीटर : घरी चार्जिंग केल्यास १० वर्षे, सार्वजनिक केंद्रावर १४ वर्षांहून अधिक.
• महिन्याला १,००० किलोमीटर : घरी ५ वर्षे, सार्वजनिक केंद्रावर ७ वर्षांहून अधिक.
• महिन्याला १,५०० किलोमीटर : घरी सुमारे ३ वर्षे ४ महिने; सार्वजनिक केंद्रावर सुमारे ४ वर्षे ९ महिने.

अनेक कंपन्या बॅटरीसाठी ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी हमी देतात. त्या मुदतीच्या आत फरक भरून निघत नसेल, तर आर्थिक दृष्टीने हा व्यवहार लाभाचा नाही. म्हणजेच ज्यांची मोटार थोडी धावते त्यांना पेट्रोलची मोटारच स्वस्त पडते. ‘पेट्रोल महाग झाले म्हणून विद्युत मोटार घ्यावी’ हे विधान त्यामुळे सरसकट खरे मानता येत नाही.

या हिशेबात आणखी काही गोष्टी जोडाव्या लागतात. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनुसार वाढतात. महिन्याला १,००० किलोमीटरसाठी लागणारी १६० युनिट वीज आधीच्या घरगुती वापरात मिळविल्यास कुटुंब वरच्या टप्प्यात जाऊ शकते. म्हणून सरासरी दर न पाहता, वाढणाऱ्या युनिटला कोणता दर लागेल हे आपल्या बिलावरून पाहावे. छतावरील सौर संच असल्यास चित्र पालटते. एक किलोवॉटचा संच महिन्याला सरासरी सुमारे १२० युनिट देतो. पंतप्रधान सूर्यघर योजनेत २०२४ पासून तीन किलोवॉटच्या संचास ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे.

करांच्या बाबतीत, विद्युत मोटारीवरील वस्तू व सेवा कर ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के आहे. लहान पेट्रोल मोटारींवरील कर मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने किमतीतील अंतर काहीसे वाढले. राज्याच्या २०२५ च्या धोरणात विद्युत वाहनांना मोटार वाहन करातून सूट आहे. सीएनजीचा पर्याय नागपुरात पुणे-मुंबईइतका भरवशाचा राहिलेला नाही. २०२२ मध्ये येथील दर किलोला १०० रुपयांच्या पुढे गेला होता.

५. उन्हाळा आणि बॅटरी

नागपुरात मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते आणि काही वर्षी ४७ अंशांचाही टप्पा ओलांडते. लिथियम-आयन बॅटरीतील अनिष्ट रासायनिक क्रिया उष्णतेत वेगाने घडतात आणि तिची साठवणक्षमता कायमची घटते. अमेरिकेतील ॲरिझोना या वाळवंटी राज्यात २०१२ च्या सुमारास निसान लीफ या मोटारीच्या ग्राहकांना हा अनुभव आला. त्या मोटारीच्या बॅटरीला द्रवाने थंड करण्याची व्यवस्था नव्हती. पुढे कंपनीला क्षमतेची हमी द्यावी लागली व उष्णता अधिक सहन करणारी बॅटरी आणावी लागली.

नागपूरच्या ग्राहकाने यातून घ्यावयाचा बोध सरळ आहे. बॅटरी थंड ठेवण्यासाठी द्रवशीतन व्यवस्था आहे काय, हे विक्रेत्याला विचारावे. हमीपत्रात क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यास बॅटरी बदलून मिळेल, ते पाहावे. मोटार सावलीत उभी करणे, भर दुपारी चार्जिंग टाळून ते पहाटेच्या सुमारास करणे आणि दररोज पूर्ण शंभर टक्के भरण्याऐवजी कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत ठेवणे, या सवयींनी बॅटरीचे आयुष्य वाढते.

६. दूरचा प्रवास

प्रमाणपत्रातील पल्ल्याच्या साधारण ६५ ते ७५ टक्के पल्ला प्रत्यक्षात मिळतो, असे धरून चालावे. ४५० किलोमीटर प्रमाणित पल्ल्याची मोटार त्यामुळे सुमारे ३०० किलोमीटर जाते. वर्धेला जाऊन येण्यास ती पुरेशी आहे. अमरावती किंवा चंद्रपूरला जाऊन येताना मात्र तेथे पोचल्यावर थोडे चार्जिंग करून घेणे शहाणपणाचे ठरते. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि २०२५ च्या धोरणाने त्यावर विद्युत मोटारींना पथकर माफी जाहीर केली. परंतु वेग वाढला की हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीचा पल्ला त्यामुळे बराच घटतो व मुंबई गाठताना दोन किंवा अधिक वेळा थांबावे लागते. वर्षातून दोन-तीनदा असा प्रवास करणाऱ्यास ही अडचण सोसण्याजोगी आहे. दर आठवड्याला गडचिरोली किंवा गोंदियाच्या आतील तालुक्यांत जाणाऱ्यास ती सोसण्याजोगी नाही.

७. पर्यावरणाचा हिशेब

एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. वरील गृहीतकांनुसार पेट्रोल मोटारीचे उत्सर्जन किलोमीटरला सुमारे १५० ग्रॅम होते. भारतातील वीज अजूनही प्रामुख्याने कोळशाची असून एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलोग्रॅम उत्सर्जन होते. त्यानुसार विद्युत मोटारीचा वाटा किलोमीटरला सुमारे ११० ग्रॅम येतो. फायदा आहे, पण तो सुमारे एकचतुर्थांशाचा आहे. ‘शून्य उत्सर्जन’ नव्हे. बॅटरी तयार करताना होणारे उत्सर्जनही फेडावे लागत असल्याने, फार थोडी धावणारी विद्युत मोटार पर्यावरणाचेही विशेष हित साधत नाही.

नागपूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सीताबर्डीच्या चौकातील धूर निश्चितच कमी होतो. मात्र कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक केंद्रे याच जिल्ह्यात असून तेथील धूर व राख आसपासच्या गावांच्या वाट्याला येते. छतावरील सौर विजेची जोड मिळाल्यास हा भार हलका होतो.

निष्कर्ष

एकंदर विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. (१) रात्री मोटार उभी राहते तेथे स्वतःच्या मीटरची वीज नसल्यास, तूर्त विद्युत मोटार घेण्याची घाई करू नये. (२) ती सोय असून महिन्याची धाव १,००० किलोमीटर किंवा अधिक असल्यास विद्युत मोटार लाभदायक ठरते. (३) धाव ५०० किलोमीटरच्या आत असल्यास आहे तीच मोटार वापरत राहणे आर्थिक दृष्टीने अधिक योग्य होय. (४) खरेदी ठरल्यास बॅटरीची शीतन व्यवस्था व हमीपत्र यांना आकर्षक सजावटीपेक्षा अधिक महत्त्व द्यावे.

२०१७ च्या प्रयोगात वाहने आधी आली व चार्जिंगची सोय त्यांच्या मागून अपुरी आली. त्याची किंमत चालकांना मोजावी लागली. कुटुंबानेही हाच क्रम ठेवल्यास तीच वेळ त्याच्यावर येईल. म्हणून प्रथम पार्किंगमधील जोडणी, फ्लॅट स्कीममध्ये असल्यास शेजाऱ्यांची लेखी संमती आणि वाढलेला मंजूर भार यांची पूर्तता करावी व त्यानंतरच मोटारीची आगाऊ रक्कम भरावी.