जोड-उभयान्वयी अव्यये, इंग्रजी
जोड-उभयान्वयी अव्यये, इंग्रजी : दोन पदे, पदबंध किंवा वाक्ये यांचा संबंध जोडीने येऊन दर्शविणारी इंग्रजी भाषेतील अव्यये. ‘बोथ–अँड’, ‘आयदर–ऑर’, ‘नायदर–नॉर’, ‘नॉट ओन्ली–बट ऑल्सो’ आणि ‘वेदर–ऑर’ या त्यांतील प्रमुख जोड्या होत.

वाक्यसंयोग करताना दोन्ही वाक्यांतील समान अंश एकदाच ठेवून भिन्न अंशांपूर्वी जोडीचा एकेक घटक योजतात. उदा., ‘जळगाव इज इन खानदेश’ व ‘धुळे इज इन खानदेश’ यांचा संयोग ‘बोथ जळगाव अँड धुळे आर इन खानदेश’ असा होतो. येथे क्रियापद अनेकवचनी होते. ‘आयदर–ऑर’ व ‘नायदर–नॉर’ यांत ते सामान्यतः निकटच्या कर्त्यास अनुसरते : ‘नायदर द फार्मर नॉर हिज सन्स हॅव कम’. दोन्ही घटकांनंतर एकाच जातीचे पद यावे. म्हणून ‘ही ग्रोज नॉट ओन्ली कॉटन बट ऑल्सो बनानाज’ ही रचना समतोल ठरते. ‘नॉट ओन्ली’ क्रियापदापूर्वी घातल्यास तोल बिघडतो.

मराठी भाषकांस अडचण येते ती मुख्यतः दोन ठिकाणी. मराठीत नकार बहुधा क्रियापदात असतो. ‘नायदर–नॉर’मध्ये तो अव्ययातच असल्याने क्रियापदास पुन्हा ‘नॉट’ जोडणे चूक होय. दुसरी अडचण गौणवाक्यांची. ‘जरी पाऊस पडला, तरी पेरणी झाली नाही’ यातील ‘जरी’ गाळता येतो. ‘तरी’ मात्र राहतो. ‘जर–तर’ची स्थिती तीच. इंग्रजीत याउलट ‘ऑल्दो’ व ‘इफ’ हे पूर्वघटक आवश्यक असून उत्तरघटकाची गरज नसते. ‘तरी’स प्रतिशब्द हवा, या समजुतीने ‘ऑल्दो’नंतर ‘बट’ घातला जातो व वाक्य अशुद्ध होते. ‘येट’ मात्र चालतो.

जळगाव, धुळे आणि १९९८ मध्ये धुळ्यापासून वेगळा झालेला नंदुरबार या खानदेशातील जिल्ह्यांत घरी अहिराणी बोलणारे अनेक विद्यार्थी प्रमाण मराठीच्या द्वारे इंग्रजीकडे वळतात. मराठी माध्यमाच्या शाळांत २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाते. तथापि जोड्यांची यादी पाठ केल्याने ही चूक टळत नाही. कोणत्या भाषेत कोणता घटक गाळता येतो, हे वाक्ये शेजारी ठेवून दाखविल्यास ती टळू शकते. तसे केल्याने विद्यार्थ्याची स्वभाषाच त्यास साहाय्यक ठरते.