रोजची चार हजार ताटं

दोन हजार. आकडा तसा लहान दिसतो. 1900 च्या सुमारास पुणे-दौंड मार्गावरच्या केडगावात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात साधारण एवढ्या मुली-बायका राहत होत्या. पण हा आकडा चुलीपुढे मांडून पाहा.

दोन वेळचं जेवण म्हणजे रोजची 4,000 ताटं. ताटाला दोनच भाकरी धरल्या तरी 8,000 भाकरी. एक भाकरी थापून, भाजून उतरवायला एकच मिनिट लागतं असं मानू. (इतका चपळ हात मी तरी पाहिलेला नाही.) एका तव्यावर हे काम 133 तासांचं, म्हणजे अखंड साडेपाच दिवसांचं. आणि भूक तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दारात. माणशी अर्धा किलो धान्य धरलं तर रोज दहा क्विंटल, वर्षाला 3,650. हिशेब माझा आहे, ढोबळ आहे. पण त्या कोठीघराचा विचार करताना अजून छाती दडपते.

हे सगळं चाललं होतं ते भर दुष्काळात. 1896-97 मध्ये रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे 300 मुली घेऊन आल्या. मग विक्रम संवतातला छप्पनचा दुष्काळ आला आणि गुजरातेतून शेकडो आल्या. रमाबाईंना भूक ऐकून ठाऊक नव्हती. त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळातच गेली होती.

एवढ्या जणींचं करत कोण होतं? आधी आलेल्या मुलीच. काल जिला कुणी पेज पाजली, ती आज दुसरीला पाजत होती. हे बळ प्रार्थनेतून येत होतं, असं मी ठामपणे म्हणेन. भुकेल्याला दिलेला घास ख्रिस्तालाच पोचतो, ही त्यांची श्रद्धा होती आणि ती त्यांनी स्वयंपाकघरात पाळली. 1905 च्या जानेवारीत सुमारे 70 जणी रोज प्रार्थनेला जमू लागल्या. जूनपर्यंत त्या 550 झाल्या, त्याही दिवसातून दोनदा. गुडघे टेकून उठलेल्या याच मुली पुढे गटागटाने आसपासच्या गावांत जाऊ लागल्या.

रमाबाईंची स्वतःची उपासना कागदावरही उतरली. बायबलची 66 पुस्तकं, 31 हजारांवर वचनं. खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत ती आणायची म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि सुमारे 18 वर्षं खपल्या. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई वारल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आलं, मुक्तीच्याच छापखान्यातून. तिथे काम करणारे हात मुक्तीतल्या मुलींचे होते.