दोन मुलींनंतर मुलगाच?

दहावीच्या गणितात ‘संभाव्यता’ नावाचं एक छोटं प्रकरण आहे. नाणी, फासे, पत्त्यांचा जोड आणि पिशवीतले रंगीत चेंडू, एवढाच त्याचा पसारा. मुलांना वाटतं, सोपं आहे. आयांना वाटतं, असली गणितं शिकून संसारात काय उपयोग? आठवड्यातून तीन दिवस हे प्रकरण शिकवताना मीही थोडंफार असंच समजत होते. परवा मात्र त्यातलं एक गणित थेट आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसलं.

समोरच्या वहिनी दुपारच्या चहाला आल्या होत्या. त्यांना दोन मुली. दोन्ही बाळंतपणं सिझेरियनची, दुसऱ्या वेळी रक्तही चढवावं लागलेलं. डॉक्टरीणबाईंनी “आता पुरे” म्हणून बजावलेलं. पण आत्येसासूबाई राहायला आल्यापासून घरात एकच टुमणं चालू होतं. “दोन झाल्या ना? मग तिसऱ्या खेपेला मुलगाच. सारखं उलटं दान थोडंच पडतंय?”

वहिनी हळूच म्हणाल्या, “तुम्ही गणित शिकवता म्हणून विचारते. खरंच तसं असतं का हो? हेसुद्धा म्हणायला लागलेत, एकदा बघू या.”

माझ्यासमोर तपासायच्या वह्यांचा गठ्ठा होता आणि गंमत म्हणजे त्यात निम्म्या मुलांनी आत्याबाईंचीच चूक केली होती! प्रश्न असा होता : एक नाणं दोनदा उडवलं, दोन्ही वेळा छापा आला. तिसऱ्यांदाही छापा येण्याची संभाव्यता किती? बऱ्याच जणांनी १/८ लिहिलं होतं. बरोबर उत्तर १/२.

मैत्रिणींनो, घरी मुलांचा अभ्यास घेत असाल तर एवढं एक लक्षात ठेवा. या गणितांत सूत्राच्या मागे आधी धावू नये. जे जे घडू शकतं ते सगळं कागदावर लिहून काढावं. पुस्तकात त्याला ‘नमुना अवकाश’ असं भारदस्त नाव आहे. मग त्या सगळ्या शक्यता सारख्याच वजनाच्या आहेत का, हे बघावं. इथे भलेभले घसरलेत. दालाँबेर हे फ्रान्सचे मोठे गणिती. नाणं दोनदा उडवलं तर एकदा तरी छापा येण्याची शक्यता किती, याचं उत्तर त्यांनी १७५४ साली विश्वकोशातल्या आपल्या लेखात २/३ दिलं. त्यांचं म्हणणं, पहिल्यांदाच छापा आला तर काम झालं, म्हणून शक्यता तीनच : छापा, काटा-छापा, काटा-काटा. पण यातली पहिली शक्यता उरलेल्या प्रत्येकीच्या दुप्पट वजनाची आहे! चारही शक्यता लिहिल्या की उत्तर ३/४ येतं. एवढा मोठा माणूस चुकला, तेव्हा आपल्या चिरंजीवांचा कान जरा कमी पिळावा.

तर मी वहीचं मागचं पान फाडलं आणि वहिनींसमोर तीन अपत्यांच्या आठ ओळी लिहिल्या. ‘प’ म्हणजे पुत्र, ‘क’ म्हणजे कन्या :

पपप, पपक, पकप, पकक,
कपप, कपक, ककप, ककक.

“आता बघा,” मी म्हटलं, “लग्न झालं त्या दिवशी कुणी विचारलं असतं, की तीन मुलं झाली तर एक तरी मुलगा होईल का, तर आठांपैकी सात ओळींत ‘प’ आहे. आत्याबाईंच्या मनात ही ७/८ आहे आणि ती खोटीही नाही. फक्त ती त्या दिवसाची आहे. आता तुम्हाला दोन मुली झाल्यात. ज्या ओळींची सुरुवात ‘कक’ने होत नाही त्या सगळ्या खोडा.”

वहिनींनी स्वतः पेन्सिल घेऊन सहा ओळी खोडल्या. उरल्या दोन : ककप आणि ककक.

“म्हणजे निम्मं-निम्मं?” त्या म्हणाल्या.

निम्मं-निम्मंच. काटेकोर सांगायचं तर निसर्गात १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे २०५ मध्ये १०५. पण मागे दोन मुली झाल्या म्हणून तो आकडा वाढत नाही. आईकडून दर वेळी एक्स गुणसूत्रच जातं, वडिलांकडून एक्स किंवा वाय. मागच्या खेपेला काय गेलं याची नोंद कुठेच राहत नाही. (आणि तरी बोलणी खायची बाईनं!) आत्याबाईंसारखं मानणारी माणसं फ्रान्समध्येही होती. लाप्लास या गणितज्ञानं १८१४ सालच्या पुस्तकात लिहून ठेवलंय, की मुलाची आस लागलेले लोक महिन्याभरात गावात मुलगे जास्त जन्मले की धास्तावायचे, आता आपल्याला मुलगीच होणार म्हणून!

वहिनींनी मग दुसरी गोष्ट काढली. आत्याबाईंच्या ओळखीचे कुणी एक औषध देतात. दोन हजार रुपये. मुलगी झाली तर पैसे परत. “खात्री असल्याशिवाय कोण असं बोलेल?”

मी म्हटलं, चला, हेही मांडू. शंभर बायकांनी औषध घेतलं. ते नुसती साखर असलं तरी एक्कावन्न जणींना मुलगा होणारच. एकोणपन्नास जणींचे पैसे इमानेइतबारे परत केले, तरी याच्या खिशात १,०२,००० रुपये राहिले. शिवाय त्या एक्कावन्न जणी गावभर गुण गाणार आणि बाकीच्या गप्प बसणार. वहिनी हसल्या. पुष्कळ दिवसांनी हसल्या असाव्यात.

सोनोग्राफीचं नाव मात्र त्यांनी काढलं नाही, ते बरं झालं. गर्भलिंगनिदान आपल्या राज्यात १९८८ पासून आणि देशभर १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

एक गोष्ट मात्र त्यांना सांगावीच लागली. नाण्याला मागचं आठवत नाही, पण शरीराला आठवतं. पिशवीतून काढलेला चेंडू परत टाकला नाही तर पुढची संभाव्यता बदलते, तसंच हे. सिझेरियन जितकी जास्त, तितका पुढच्या वेळी वार खाली किंवा जुन्या व्रणात रुतून बसण्याचा धोका जास्त. मुलाची शक्यता तिसऱ्या खेपेला होती तेवढीच. धोका मात्र पहिल्या खेपेएवढा नाही. नेमका किती, ते मी सांगू शकत नाही, ते डॉक्टरीणबाईंनाच विचारायचं. वहिनी कागदाची घडी घालून घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावरची बेल वाजली. वहिनींचे यजमान तोच कागद हातात घेऊन उभे होते. जरा संकोचून म्हणाले, “ताई, या सहा ओळी का खोडल्या ते आत्याला सांगता येईना. मला एकदा समजावता का?”

मी चहाचं आधण ठेवलं आणि कोऱ्या पानावर आठ ओळी पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतल्या.