प्रवेशाचा हंगाम, पैशाचा हंगाम

२०११ साली गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि या वनप्रदेशातील अनेक विद्यार्थ्यांचे नागपूरला जाणे टळले. तथापि सिरोंच्याच्या मुलाला गडचिरोलीही सुमारे २०० किलोमीटर दूर. घर सोडावेच लागते. त्याची तयारी मोहफुलांच्या वेचणीपासूनच सुरू होते. मे महिन्यात तेंदूपत्त्याची मजुरी येते. तीतूनच धानाचे बियाणे घ्यायचे आणि पेटी, अंथरूण, खाणावळीची अनामत यांचीही तजवीज करायची. धानाचा पैसा दिवाळीनंतरचा! वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी २०१६ पासून ‘स्वयं’ योजना आहे खरी. परंतु घरमालक भाडे आगाऊ मागतो आणि अनुदान मागाहून येते. पहिला हप्ता प्रवेशाबरोबरच द्यावा. यात शासनाला नवा खर्च नाही, केवळ तारीख अलीकडे आणावयाची आहे.