गंज निघाला, पण धूळ कुठे गेली?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतल्या वाचनालयाचे लोखंडी फाटक रंगवायचे ठरले. जुना रंग पोपडे धरून सुटलेला, खालच्या पट्ट्या गंजलेल्या. गल्लीतल्याच एका मुलाने नुकतेच घरी छोटे वर्कशॉप सुरू केले होते. आयटीआय झालेला, हाताला वळण असलेला मुलगा. सायकलींचे सांगाडे, मोटारसायकलचे मडगार्ड, शिलाई मशीनचे पाय, जुन्या शेगड्या साफ करून रंगवून द्यायचा. त्याने एक स्वस्तातली ब्लास्टिंगची गन घेतली होती आणि सेकंडहॅण्ड कॉम्प्रेसर जोडला होता. आम्ही काम त्यालाच दिले. आपल्या पोराला चार पैसे मिळावेत, हा हेतू.

फाटक दोन दिवसांत चकचकीत झाले. आम्ही उभे राहून कौतुक केले. तिसऱ्या दिवशी वाचनालयात अभ्यासाला बसलेल्या मुलींनी दप्तरांवरची धूळ झटकली, तेव्हा आमच्या लक्षात आले. पुस्तकांच्या कपाटावर, पाण्याच्या माठाच्या झाकणावर, समोरच्या घराबाहेर वाळत घातलेल्या गोधडीवर, सगळीकडे पिठासारखा करडा थर होता. त्या मुलाने दोन दिवस तोंडाला रुमाल बांधून काम केले होते. गनमध्ये त्याने काय भरले होते? शेजारच्या बांधकामावरची चाळलेली रेती.

"काका, वाळूच तर आहे," तो म्हणाला. आम्हालाही तोवर तसेच वाटत होते. म्हणून हा लेख. चूक आमचीही होती, आणि ती इतर वस्त्यांत होऊ नये.

ही गन काम कशी करते

रचना सोपी आहे. कॉम्प्रेसरमधली दाबाची हवा गनमधून जोरात बाहेर पडते आणि जाताना वरच्या भांड्यातले किंवा नळीने बादलीतले बारीक कण ओढून घेते. ते कण लोखंडावर आपटतात आणि गंज, रंग, काजळी खरवडून काढतात. कोपरे, नक्षी, स्क्रूचे आटे अशा ब्रश न पोहोचणाऱ्या जागा यातून चांगल्या साफ होतात. रंगही त्यावर घट्ट बसतो. म्हणूनच हे यंत्र तरुण कारागिरांना आवडते.

पण स्वस्त गन घेताना दुकानदार सहसा एक गोष्ट सांगत नाही. हिला हवा फार लागते. 25 किंवा 50 लिटरच्या छोट्या कॉम्प्रेसरच्या टाकीतला साठा मिनिटभरात उतरतो आणि मग दाब भरेपर्यंत थांबावे लागते. हवेत ओल असेल तर कण गोळा होऊन गन तुंबते. त्यासाठी नळीच्या वाटेत पाणी वेगळे करणारा फिल्टर लावावा आणि कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी रोज काम संपल्यावर खालच्या कॉकमधून काढावे. ते साचले की टाकी आतून गंजते, आणि गंजलेली टाकी फुटू शकते. सेकंडहॅण्ड कॉम्प्रेसर घेताना सेफ्टी व्हॉल्व्ह चालतो का, हे आधी पाहावे. गनची तोंडाची नळीही झिजते. भोक मोठे झाले की हवा जास्त खाते आणि मार कमी बसतो. ती बदलण्याचा खर्च हिशेबात धरावा.

वाळूच का नको

नदीची रेती म्हणजे बहुतेक गारगोटीचा चुरा. तिच्यात सिलिका नावाचे खनिज स्फटिकाच्या रूपात असते. वाळूचा दाणा जमिनीवर पडलेला असताना काही त्रास देत नाही. पण तोच दाणा गनमधून लोखंडावर आपटला की फुटतो आणि त्याची इतकी बारीक भुकटी होते की तिचा कण केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही लहान असतो. नुकत्याच फुटलेल्या कणाच्या कडा शरीराला अधिक घातक असतात. डोळ्यांना दिसणारी धूळ खाली बसते. न दिसणारी तासन् तास हवेत राहते.

ही भुकटी श्वासाबरोबर फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या फुग्यांपर्यंत पोहोचते. शरीरातल्या साफसफाई करणाऱ्या पेशी तिला गिळतात, पण दगड काही पचत नाही. पेशी मरतात, कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते. या झटापटीत फुप्फुसावर वण पडत जातात. मऊ स्पंजासारखे फुप्फुस कडक होते. या आजाराचे नाव सिलिकोसिस. पडलेला वण कोणत्याही औषधाने पुन्हा मऊ होत नाही. काम सोडल्यावरही आजार वाढू शकतो.

खाणीत किंवा दगडफोडीत हा आजार सहसा दहा वर्षांहून अधिक काळाने दिसतो. पण बंद जागेत रेतीने ब्लास्टिंग करणाऱ्याला तो काही वर्षांत, आणि धूळ फारच असेल तर काही महिन्यांतही गाठू शकतो. तुर्कस्तानात जीन्सची पँट जुनी दिसावी म्हणून तिच्यावर वाळूचा मारा करायचे. छोट्या, कोंदट वर्कशॉपमध्ये काम करणारी तरुण पोरे त्यात सिलिकोसिसने मेली. शेवटी 2009 मध्ये तिथल्या सरकारने कापडावर असा मारा करायला बंदी घातली. इंग्लंडने तर ब्लास्टिंगमध्ये वाळू वापरण्यावर 1949 सालीच बंदी आणली. आपल्याकडे 1948 च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत घातला. पण घरातल्या पडवीत चालणाऱ्या वर्कशॉपपर्यंत कारखाना निरीक्षक पोहोचत नाही. तिथे आपले निरीक्षक आपणच.

आणखी दोन गोष्टी. सिलिकाची धूळ छातीत असलेल्या माणसाला क्षयरोग, म्हणजे टी.बी., होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. दाटीच्या वस्तीत याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको. आणि हीच धूळ फुप्फुसाच्या कर्करोगाचेही सिद्ध झालेले कारण आहे.

जुन्या रंगातले शिसे

वाळू बदलली तरी एक प्रश्न उरतो: खरवडून निघाले ते काय? जुन्या फाटकांवर, ग्रिलवर, खाटांवर पूर्वी शिसे असलेले रंग लावले जात. शेंदरी रंगाचा जुना अस्तर-रंग हा पुष्कळदा शिशाचाच असे. घरगुती रंगांत शिसे दहा लाखांत 90 भागांहून जास्त असू नये, हा नियम आपल्या देशात 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाबद्दल संशय धरलेलाच बरा.

शिशाची धूळ लहान मुलांना सर्वांत वाईट. ती जमिनीवर बसते, रांगते मूल तिच्यात हात घालते आणि तोच हात तोंडात. शिसे मेंदूच्या वाढीवर आघात करते. मूल शिकण्यात मागे पडते. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळालाही ते पोहोचते. म्हणून जुन्या रंगाच्या वस्तूवर गन चालवूच नये. पेंट रिमूव्हर लावून, नाहीतर पाण्याने ओले ठेवून पॉलिश पेपरने रंग काढावा आणि निघालेला लगदा जाड पिशवीत बांधून ठेवावा, गटारात सोडू नये. आमच्या वाचनालयाच्या फाटकाचे खरे तर असेच करायला हवे होते.

मग काम बंद करायचे का?

त्या मुलाच्या आईने आम्हाला हाच प्रश्न विचारला. "दादा, कर्ज काढून मशीन घेतलंय. आता विकू का?" आम्ही नाही म्हटले. काम बंद करायचे नाही, काम करण्याची रीत बदलायची. एका रविवारी आम्ही चौघे बसलो आणि पुढील गोष्टी केल्या.

पहिली गोष्ट, रेती कायमची बंद. तिच्या जागी गार्नेट आणले. हे लालसर खनिज आपल्या देशातच समुद्रकिनारी मिळते आणि चांगल्या प्रतीच्या गार्नेटमध्ये मोकळी सिलिका एक टक्क्याहूनही कमी असते. ॲल्युमिनियम ऑक्साइडही चालते. नाजूक भागांना, ॲल्युमिनियमला काचेचे गोल मणी वापरतात. हे सगळे रेतीपेक्षा महाग आहे, हे खरे. पण रेती एकाच माऱ्यात फुटून जाते, तर गार्नेट चाळून पुन्हा काही वेळा वापरता येते. मात्र त्यासाठी ते गोळा व्हायला हवे. उघड्यावर मारले तर गल्लीत उडून जाते.

म्हणून दुसरी गोष्ट, बंद पेटी. मुलाच्या घरी आजीची मोठी पत्र्याची ट्रंक पडून होती. तिच्या पुढच्या बाजूला दोन गोल भोके पाडून कोपरापर्यंत येणारे जाड रबरी हातमोजे बसवले. झाकणात काच घातली. आतून काचेवर पारदर्शक प्लास्टिक चिकटवले, म्हणजे कणांच्या माऱ्याने काच आंधळी झाली की प्लास्टिक तेवढे बदलायचे. झाकणाच्या कडेला रबराची पट्टी लावली. एका बाजूला हवा आत येण्यासाठी छोटे भोक आणि दुसऱ्या बाजूला व्हॅक्युम क्लीनरची नळी. व्हॅक्युमला हेपा फिल्टर असलाच पाहिजे. साध्या कापडी पिशवीतून बारीक धूळ मागून खोलीतच परत येते. मध्ये एक झाकणाची बादली ठेवली की जाड कचरा तिच्यात पडतो आणि फिल्टर लवकर भरत नाही. पेटीला आणि आतल्या वस्तूला अर्थिंगची तार जोडली, कारण माऱ्याने स्थिर वीज साठून झटके बसतात.

काम झाल्यावर व्हॅक्युम चालू ठेवून काही मिनिटे थांबायचे, मगच झाकण उघडायचे. पेटीत मावेल तेवढेच काम घ्यायचे. फाटक, जिना, मोठी ग्रिल यांना नाही म्हणायचे, किंवा तारेचा ब्रश आणि ओला पॉलिश पेपर वापरायचा. छोटे गंजके भाग रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून सकाळी घासले तरी गंज सुटतो. त्याला ना वीज लागते, ना धूळ होते.

रुमाल म्हणजे मास्क नव्हे

रुमाल, ओढणी, कापडी मास्क किंवा दवाखान्यातला निळा मास्क ही धूळ अडवत नाही. एन-95 मास्क बारीक कण अडवतो, पण तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच. दाढी असेल तर कडेने हवा शिरते. पेटीत काम करताना, ती उघडताना आणि गार्नेट चाळताना एन-95 जरूर लावावा. पण उघड्यावर रेतीचा मारा करायला तो पुरा पडत नाही. तिथे बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा बंद टोप लागतो. ती हवा साध्या कॉम्प्रेसरमधून घेणे धोक्याचे, कारण तिच्यात तेलाची वाफ आणि विषारी वायू असू शकतो. ही व्यवस्था घरात होणारी नाही. म्हणूनच उघड्यावर मारा नको.

डोळ्यांना बंद गॉगल, कानांना इअरप्लग. गन कधीही माणसाकडे धरू नये, हातावर मारून पाहू नये. कपडे कॉम्प्रेसरच्या हवेने झटकू नयेत. बसलेली धूळ पुन्हा हवेत उडते. जमीन कोरडी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. कामाचे कपडे वेगळे ठेवून वेगळे धुवावेत. नाहीतर बापाच्या शर्टाला मिठी मारणारे मूल तीच धूळ घेते आणि ते कपडे आपटून धुणारी आईही.

दवाखान्यात काय सांगाल?

सिलिकोसिस सुरुवातीला काहीच जाणवू देत नाही. मग कोरडा खोकला, जिना चढताना धाप, थकवा, वजन घटणे. ही लक्षणे टी.बी.शी इतकी जुळतात की नुसती खोकल्याची तक्रार सांगितली तर डॉक्टरांना दुसरी शंका येईलच असे नाही. म्हणून त्यांनी विचारले नाही तरी आपण सांगायचे: "मी ब्लास्टिंगचे काम केले आहे, रेती वापरत होतो, इतके महिने." दगड फोडणे, टाइल कापणे, बोअरवेल, ओतकाम ही कामे केली असतील तर तीही सांगावीत. छातीचा एक्स-रे आणि फुंकून करायची श्वासाची तपासणी करून घ्यावी, आणि जुने एक्स-रे फेकू नयेत. नव्याशी ताडून पाहता येतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करावी, टी.बी.ची तपासणी आणि औषधे तिथे मोफत आहेत. विडी-सिगारेट सोडावी, कारण आधीच वण पडलेल्या फुप्फुसाला तिचा मार दुप्पट बसतो.

दुसऱ्याच्या कारखान्यात हे काम करत असाल तर हजेरीची चिठ्ठी, पगाराची पावती, ओळखपत्र जपून ठेवा. कायद्यात सिलिकोसिस हा कामामुळे होणारा आजार मानला गेला आहे. पण काम केले होते, हे दाखवायला कागद लागतो.

आमच्या त्या मुलाने एक्स-रे काढला. सध्या छाती साफ आहे. वर्षाने पुन्हा काढायचा आहे. पेटीत तो आता मडगार्ड आणि शिलाई मशीनचे भाग साफ करतो. काम थोडे हळू होते, दरही थोडा वाढवला आहे. मोठे फाटक घेऊन कोणी आले तर तो तारेचा ब्रश आणि पाण्याची बादली काढतो. वाचनालयातली धूळ आम्ही सगळ्यांनी मिळून ओल्या फडक्यांनी पुसली, पुस्तक न् पुस्तक. त्याला पूर्ण दिवस लागला.

तुमच्या गल्लीत कोणाकडे अशी गन असेल तर आज संध्याकाळी त्याच्याकडे जा. भांडायला नको, बसायला जा. तो गनमध्ये काय भरतो, तेवढे विचारा. रेती म्हणाला, तर हे पान त्याला वाचून दाखवा.