घर अडकलंय की आपण?

मँचेस्टरच्या सिटी सेंटरमध्ये तुमचा फ्लॅट असेल आणि तो विकायला काढून चार-सहा महिने झाले असतील, तर तुमचे आठवडे कसे जातात याचा अंदाज करता येतो. राइटमूव्हवर स्वतःच्याच घराची जाहिरात तुम्ही दिवसातून चार वेळा उघडता. शनिवारी कुणी बघायला येणार म्हणून शुक्रवारी स्वयंपाकात फोडणी नाही, मासे तर नाहीतच. लोक येतात, खिडकीतून दिसणाऱ्या ट्रॅमचं कौतुक करतात आणि जातात. सोमवारी एजंट सांगतो, "त्यांना आवडलं, पण ते अजून दोन-तीन घरं बघतायत." इकडे दुसऱ्या शहरातली नोकरी, नवं घर किंवा भारतात परतायची तारीख या एका विक्रीवर टांगलेली असते.

घर लवकर विकण्याच्या युक्त्या तुम्हाला दुसरीकडे भरपूर मिळतील. इथे प्रश्न वेगळा आहे: ही वाट बघणं माणसाला इतकं का पोखरतं, आणि त्यातलं काय आपल्या हातात असतं? माझ्या मते या ताणात तीन धागे गुंतलेले असतात. बाजाराची परिस्थिती, आपल्या डोक्यात बसलेला जुना आकडा आणि न संपणारी अनिश्चितता. पहिल्यावर आपला ताबा नाही. उरलेल्या दोन्हींवर बराच आहे. पण तिन्हींचा गुंता सोडवला नाही, तर आपल्या हातात काहीच नाही असं वाटत राहतं.

आधी बाजार

डिसेंबर 2021 च्या मध्यापर्यंत बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर 0.1 टक्के होता. ऑगस्ट 2023 मध्ये तो 5.25 टक्क्यांवर पोचला. नंतर उतरला, पण जुन्या पातळीच्या जवळही आला नाही. हे खरेदीदाराच्या बाजूने बघा. 2,00,000 पौंडांचं कर्ज 25 वर्षांसाठी 2 टक्क्यांनी घेतलं, तर महिन्याचा हप्ता साधारण 848 पौंड येतो. तेच 5 टक्क्यांनी घेतलं तर 1,169 पौंड. ज्याला महिन्याला 848 पौंडच परवडतात, त्याला 5 टक्क्यांच्या दरात जेमतेम 1,45,000 पौंडांचं कर्ज झेपतं. तुमच्या स्वयंपाकघरातल्या टाइल्स त्याला आवडल्या की नाही, याचा इथे काही संबंध नाही.

त्यात फ्लॅट असेल तर आणखी ओझी. 14 जून 2017 ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागून 72 माणसं गेली. त्यानंतर इमारतींच्या बाहेरच्या आवरणाचा, म्हणजे क्लॅडिंगचा, प्रश्न देशभर ऐरणीवर आला. डिसेंबर 2019 मध्ये ईडब्ल्यूएस1 हा फॉर्म आला. कर्ज देणाऱ्या बँका तो मागायला लागल्या, आणि ज्या इमारतींकडे तो नव्हता तिथले फ्लॅट अक्षरशः विकता येईनात. मँचेस्टरमध्ये या प्रश्नाची झळ इतक्या लोकांना लागली की फ्लॅटमालकांनी 'मँचेस्टर क्लॅडिएटर्स' नावाने एकत्र येऊन लढा दिला. बिल्डिंग सेफ्टी ॲक्ट 2022 नंतर चित्र सुधारलं. 11 मीटरपेक्षा उंच इमारतींमधल्या पात्र फ्लॅटमालकांवर आता क्लॅडिंग दुरुस्तीचा खर्च टाकता येत नाही. पण हे संरक्षण कागदावर दाखवावं लागतं, आणि ते कागद गोळा करण्यात आठवडे जातात.

शिवाय छोटे फ्लॅट भाड्याने देण्यासाठी घेणारा गुंतवणूकदारही बिचकलाय. दुसऱ्या घरावरची जादा स्टँप ड्यूटी 31 ऑक्टोबर 2024 पासून 3 वरून 5 टक्के झाली. आणि जो खरेदीदार उरतो, त्याच्यासमोर तुमच्याच इमारतीतले आणखी तीन तसेच फ्लॅट आणि पलीकडच्या नव्या मनोऱ्यातले कोरे फ्लॅट असतात.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की घर न जाणं हा तुमच्या निवडीवरचा, कष्टांवरचा किंवा नशिबावरचा शेरा नाही.

डोक्यातला जुना आकडा

बाजार पडलेला असताना विकणारे कसे वागतात, याचा एक प्रसिद्ध अभ्यास आहे. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर यांनी 1990 च्या दशकातल्या बॉस्टन शहरातल्या फ्लॅटविक्रीच्या नोंदी तपासल्या. तो निबंध 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना खरेदीच्या किमतीपेक्षा कमी मिळणार होते, ते जास्त भाव लावत होते. अपेक्षित किंमत आणि खरेदीची किंमत यांत जो फरक असेल, त्याच्या 25 ते 35 टक्के ते वर चढवत. प्रत्यक्षात त्यांना या फरकाच्या 3 ते 18 टक्केच जास्त मिळाले. आणि त्यांची घरं विकली जायला बराच जास्त वेळ लागला.

हे आपल्या पौंडांत मांडून बघू. समजा फ्लॅट 2,20,000 ला घेतला आणि आज बाजार 2,00,000 देतोय. फरक 20,000 चा. या अभ्यासाच्या हिशेबाने तुम्ही 5,000 ते 7,000 वर चढवून मागाल आणि हाती जास्तीचे 600 ते 3,600 येतील. आता समजा तुम्ही दुसरीकडे राहायला गेलात, फ्लॅट रिकामा आहे, आणि व्याज, सर्व्हिस चार्ज, काउन्सिल टॅक्स मिळून महिन्याला 950 पौंड जातात. चार महिने थांबलात की 3,800 गेले. लढून मिळवलेले पैसे थांबण्यातच संपले. तुम्ही स्वतः त्याच घरात राहत असाल, तर हे गणित बरंच सौम्य होतं, कारण कुठेतरी राहण्याचा खर्च होणारच होता. म्हणून प्रत्येकाने आपापलं करावं, पण एकदा कागदावर करावंच.

आपण असं का वागतो? डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये मांडलं, की आपण नफा-तोटा एखाद्या ठरलेल्या खुणेपासून मोजतो आणि तोटा तेवढ्याच नफ्यापेक्षा जास्त टोचतो. घराच्या बाबतीत ती खूण म्हणजे खरेदीची किंमत. त्यात वस्तू आपली झाली की तिची किंमत आपल्या नजरेत वाढते. 1990 मधल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग दिले होते. ज्यांच्याकडे मग होता त्यांनी तो विकायला मागितलेली रक्कम, नसलेल्यांनी तो घ्यायला देऊ केलेल्या रकमेच्या दुपटीहून जास्त होती. काही मिनिटं हातात असलेल्या मगाची ही गोष्ट. तुमच्या फ्लॅटमध्ये तर तुम्ही लॉकडाउन काढलाय, कदाचित पाळणा हलवलाय. खरेदीदार त्याचे पैसे देणार नाही. त्याला फक्त चौरस फूट दिसतात.

उपाय रुक्ष आहे, पण लागू पडतो. इंग्लंड-वेल्समधल्या 1995 पासूनच्या घरविक्रीच्या किमती एचएम लँड रजिस्ट्रीकडे फुकट बघायला मिळतात. जाहिरातीतले भाव म्हणजे इतर विक्रेत्यांच्या इच्छा. तुमच्या इमारतीत आणि शेजारी अलीकडे प्रत्यक्ष किती पैसे हातात पडले, ते बघा. मग स्वतःला विचारा: हा फ्लॅट माझा नसता आणि माझ्याकडे तेवढी रोकड असती, तर आज मी मागतोय त्या भावाला तो घेतला असता का? उत्तर 'नाही' आलं, तर जुना आकडा अजून डोक्यात बसलेला आहे.

'हो' म्हटलं, तरी पक्कं नाही

महाराष्ट्रात व्यवहार ठरला की विसार देतात, साठेखत होतं, मग खरेदीखत. हातात पैसे पडले की माणूस थोडा बांधला जातो. इंग्लंडमध्ये ऑफर स्वीकारली तरी कुणीच बांधलेलं नसतं. वकिलांमार्फत करारांची अदलाबदल होते, खरेदीदार साधारण 10 टक्के रक्कम भरतो, तेव्हा कुठे व्यवहार पक्का. तोवर आठवडे, कधी महिने जातात, आणि या काळात कुणीही कारण न देता मागे फिरू शकतो. शेवटच्या घटकेला भाव पाडून मागण्याला इथे गझंडरिंग असा खास शब्दच आहे. शिवाय साखळी असते: तुमचा खरेदीदार त्याचं घर जाण्यावर अवलंबून, त्याचा खरेदीदार आणखी कुणावर. एक कडी तुटली की सगळी घरं जागच्या जागी.

ही अधांतरी अवस्था वाईट बातमीपेक्षा जड जाते. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या संशोधकांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 45 जणांना संगणकावर एक खेळ दिला. दगडाखाली साप आहे का ते ओळखायचं, आणि साप निघाला की हाताला विजेचा दुखणारा झटका. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांवरून ताण मोजला. झटका नक्की बसणार हे माहीत असताना जेवढा ताण होता, त्याहून जास्त ताण शक्यता निम्मी-निम्मी असताना होता. 'बहुतेक होईल' असं सांगणारा एजंट तुम्हाला रोज याच निम्म्या शक्यतेवर उभं करत असतो.

आपल्या भाषेचंही ओझं

मराठीत 'घरदार विकलं' याचा अर्थ माणूस धुळीला मिळाला असा होतो. 'घर पाहावं बांधून' ही म्हण सगळ्यांना पाठ आहे. विकून पाहावं, असं कुणी म्हणत नाही. त्यामुळे रविवारी फोनवर आई-बाबांनी "अजून नाही गेलं?" असं विचारलं, की साध्या चौकशीत आपल्याला अपयश ऐकू येतं. त्यांच्या पिढीने जागेचे भाव बहुतेक चढतानाच पाहिलेत. "तोट्यात कशाला विकतोस, ठेव तसंच," हा सल्ला त्या अनुभवातून येतो, पण तुमचा हप्ता, सर्व्हिस चार्ज आणि व्हिसा त्यात धरलेले नसतात. त्यांना आकडे सांगा. "दर महिन्याला एवढे जातायत, म्हणून अमुक तारखेपर्यंत बघणार आणि मग भाव कमी करणार." तारीख असलेलं वाक्य ऐकलं की काळजी करणाऱ्यालाही धीर येतो.

अनिश्चिततेला तारखा द्या

घर कधी जाईल हे ठरवता येत नाही. आपण कधी काय करणार हे ठरवता येतं. शांत डोक्याने, शक्यतो जोडीदाराबरोबर बसून, तीन गोष्टी लिहून ठेवा: कोणत्या तारखेला भाव किती उतरवायचा, कमीत कमी कितीला द्यायचं, आणि कोणत्या तारखेनंतर दुसरा मार्ग धरायचा. ऑफर आल्यावर रात्री अकरा वाजता ही चर्चा करू नका. तेव्हा दोघंही दमलेले असता.

दुसरा मार्ग म्हणजे बहुतेक वेळा भाड्याने देणं. त्याचेही नियम आधी वाचा. बँकेची परवानगी लागते, लीजमध्ये अट असू शकते. रेंटर्स राइट्स ॲक्टनुसार 1 मे 2026 पासून इंग्लंडमध्ये विनाकारण घर खाली करून घेण्याची सोय बंद होते. विकायचं कारण देऊन भाडेकरूला काढायचं, तर पहिले 12 महिने ते करता येत नाही आणि चार महिन्यांची नोटीस द्यावी लागते. म्हणजे 'सहा महिने भाड्याने देऊ, मग बघू' हा बेत आता बसत नाही.

वाट बघण्याच्या काळात कागदांचं काम करून टाका. विक्रेत्याने भरायचे टीए6 आणि लीजहोल्डसाठीचा टीए7 हे फॉर्म, इमारतीच्या व्यवस्थापनाकडून येणारा मॅनेजमेंट पॅक, ईडब्ल्यूएस1 असेल तर त्याची प्रत, आणि बिल्डिंग सेफ्टी ॲक्टखालचं लीजहोल्डरचं प्रमाणपत्र. खरेदीदार मिळाल्यावर हे मागवत बसलात, तर मन बदलायला त्याला तेवढे आठवडे जास्त मिळतात. विक्रीआधीच यूके सोडणार असाल, तर हेही टिपून ठेवा: अनिवासी म्हणून घर विकलं, की कर शून्य असला तरी व्यवहार पूर्ण झाल्यापासून 60 दिवसांत एचएमआरसीला कळवावं लागतं.

काळजीलाही वेळ नेमून देता येते. थॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये ही साधी पद्धत मांडली: रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास काळजी करायची. एरवी विचार आला की 'संध्याकाळी साडेसहाला' म्हणून पुढे ढकलायचा. राइटमूव्ह, एजंटचे मेल, हिशेब सगळं त्या अर्ध्या तासात. ॲपच्या सूचना बंद. एजंटला सांगा, की दर गुरुवारी एकदा सविस्तर मेल करा आणि ऑफर आली तरच मध्ये फोन.

हप्ता जड जायला लागला असेल, तर चुकण्याआधी बँकेशी बोला. जून 2023 च्या मॉर्गेज चार्टरमध्ये सामील असलेल्या बँका, हप्ते नियमित असलेल्या ग्राहकाला सहा महिने फक्त व्याज भरायची मुभा देतात, आणि त्याने क्रेडिट स्कोअरला धक्का लागत नाही. झोप उडाली असेल, घरात सतत भांडणं होत असतील, तर इंग्लंडमध्ये एनएचएस टॉकिंग थेरपीजकडे जीपीच्या चिठ्ठीशिवाय स्वतः नाव नोंदवता येतं. 'घर विकलं जात नाही' हे तिथे जायला पुरेसं कारण आहे.

आज एवढंच करा. एका कागदावर महिन्याचा खर्च लिहा, त्याखाली तीन तारखा लिहा आणि तो फ्रिजवर लावा. शनिवारी कुणी घर बघायला आलं, तर तेवढा वेळ काढून ठेवा.